शून्य सुलट, दोन एकत्र

जून संपत आला होता, पाऊस नुसती हूल देऊन गेला होता आणि परभणीतल्या एका शाळेच्या सभागृहात पन्नास-साठ पालक पंख्याखाली घामाघूम होऊन बसले होते. भाची सातवीत, तिची आई पेरणीच्या तयारीत गुंतलेली, म्हणून पालक म्हणून मी. विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय असा होता: सहावी ते आठवीची कार्यानुभवाची एक आणि वाचनालयाची एक, अशा आठवड्यातल्या दोन तासिका काढून कोडिंगला द्यायच्या का? मी सवयीनं पिशवीतली अर्धी झालेली कानटोपी काढली आणि विणत बसले. शेजारच्या ताईंना राहवेना. "एवढ्या उकाड्यात लोकर इनायलात? हाताला चटके नाही का बसत वो?"

चर्चा सुरू झाली ती दोनच वाक्यांत अडकली. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, हातातली कला गेली, पुस्तक गेलं, की संस्कार गेले. मुलं आधीच मोबाइलनं वाया गेलीत. त्यावर मोबाइलचं दुकान चालवणारे एक तरुण वडील उठले. जग कुठं चाललंय, आणि आपण सुया-दोरे घेऊन बसायचं का, असं त्यांनी विचारलं. सभागृह हसलं. माझ्याकडे बघून हसलं, हे वेगळं सांगायला नको. पुढचा अर्धा तास लोक आलटून-पालटून याच दोन वाक्यांच्या बाजूनं बोलले. मुलांनी त्या तासिकेत नेमकं काय करायचं, हे एकानंही विचारलं नाही.

मी दिवसभर संगणकावर आकड्यांचे तक्ते जुळवते, संध्याकाळी विणते आणि रात्री ई-रीडरवर वाचते. या तिन्हींत भांडण आहे हे मला त्या सभेत कळलं. माझं म्हणणं तिथं धड मांडता आलं नाही, ते इथं मांडते. दोऱ्याची तासिका आणि कोडची तासिका नीट शिकवल्या तर त्या एकच गोष्ट शिकवतात: एखादी वस्तू अथपासून इतिपर्यंत स्वतः करणं, ती चुकणं, चूक कुठं आहे ते शोधणं, तिथपर्यंत उसवणं आणि पुन्हा करणं. एकीचा गळा दाबून दुसरी आणली, तर आणलेलीही वाईटच शिकवली जाईल. कारण जी शाळा विणकामाकडे 'संस्कार' म्हणून बघते, ती कोडिंगकडेही 'नोकरी' म्हणूनच बघणार. दोन्हीकडे मूल काय करतं ते बघायचं राहून जाणार.

आधी त्या 'सुया-दोऱ्यां'बद्दल. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू या नक्षीदार कापडाचा जुना माग ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, की त्यावर नक्षी कागदावर नसते, ती जाळ्यात असते. कोणता ताणा, म्हणजे उभा धागा, कधी उचलायचा हे दोऱ्यांच्या गाठींत आधीच बांधून ठेवलेलं असतं. एक जण त्या दोऱ्या ठरल्या क्रमानं ओढतो, तेवढे ताणे वर येतात आणि मागावर बसलेला विणकर त्यातून धोटा फेकतो. ओढणाऱ्याला फूल दिसत नाही, पान दिसत नाही. तो फक्त क्रम पाळतो आणि खाली फूल उमटतं. फ्रान्समधल्या लिआँ शहरात दोऱ्या ओढणाऱ्या याच माणसाची जागा आधी भोकं पाडलेल्या कागदानं घ्यायचा प्रयत्न झाला, १७२५ च्या सुमारास. १८०४ मध्ये जाकार या विणकरानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावून ते काम पक्कं केलं. तेच पुठ्ठे इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी घेतले. एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये त्या यंत्रावर टिपा लिहिताना, जाकारचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल, असं लिहून ठेवलं. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हॉलरिथनं माणसं मोजली तीही पुठ्ठ्यावरच्या भोकांनी. आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो यानातल्या संगणकाची कायमची स्मृती तर बोस्टनजवळच्या वॉल्थममधल्या कारखान्यात बायकांनी अक्षरशः विणली होती. बारीक चुंबकी कड्यातून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. म्हणजे सुया-दोरे घेऊन बसलेल्या बायकांच्या जिवावरच माणूस चंद्रावर उतरला, असं मी त्या दुकानदार दादांना सांगू शकले असते.

पण ही गोष्ट सांगणारे लोक (मीही त्यांतलीच) ती सांगून झाली की जिंकल्यासारखे खाली बसतात, ते काही बरोबर नाही. पूर्वज एक निघाले म्हणून तासिका द्या, हा युक्तिवाद नव्हे. साखर कारखान्याचा पूर्वज गुऱ्हाळ आहे, म्हणून शाळेत कोणी चुलवाण पेटवत नाही. या इतिहासातून एवढंच कळतं की 'हात विरुद्ध यंत्र' ही जोडी मुळात खोटी आहे. तासिका का द्यायची, त्याचं कारण वेगळं शोधावं लागेल.

त्या खोट्या जोडीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण विणकामातलंच आहे, आणि तेही उलटंच सांगितलं जातं. यंत्राला विरोध करणाऱ्याला इंग्रजीत आजही 'लुडाइट' म्हणून हिणवतात. हे लुडाइट कोण होते? १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये ज्यांनी यंत्रं फोडली ते मोजे विणणारे कारागीर होते, आणि फोडलेली यंत्रं मोजे विणण्याचीच होती. गंमत अशी की ते यंत्र काही नवं नव्हतं. विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं ते १५८९ मध्ये तयार केलं होतं. सव्वादोनशे वर्षं कारागीर त्यावरच पोट भरत होते. त्यांचा राग होता तो मालकांच्या नव्या चलाखीवर. रुंद कापड विणून, कापून, शिवून त्याचे मोजे करायचे. ते मोजे शिवणीत उसवायचे, सगळ्या धंद्याचं नाव जायचं आणि मजुरी पडायची. म्हणजे यंत्र चालवणारेच सांगत होते की हे यंत्र असं वापरू नका. सरकारनं १८१२ मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. त्या विधेयकाविरुद्ध कवी बायरन वरिष्ठ सभागृहात बोलला, कायदा मात्र झालाच. दोनशे वर्षांनी त्या लोकांची आठवण काय राहिली? यंत्राला भिणारे अडाणी, एवढीच. आज शाळेतल्या पडद्याबद्दल कोणी प्रश्न विचारला की हाच शिक्का तयार असतो, आणि प्रश्न कामाचा होता का हे बघायच्या आत वाद संपतो.

आता गुरुजींच्या आणि माझ्या बाजूची कच्ची कडी. तिच्याकडे मी डोळेझाक करणार नाही. हातकामाचं कौतुक करणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की ते काम कोणाच्या हातांनी केलं आणि त्या हातांना विचारलं होतं का? माझ्या आईच्या शाळेत मुलींना शिवण-टिपण आणि मुलांना सुतारकाम होतं. आई भूमितीत हुशार होती, पण चांगली काजं करते म्हणून तिचं नाव झालं. मी विणायला लागले तेव्हा तिनं कौतुक केलं नाही. "आम्हाला करावं लागलं, तू हौसेनं करायलीस," एवढंच म्हणाली. सगळी मेख त्या वाक्यात आहे. मराठवाड्याला आपल्या संतांचा केवढा अभिमान! नरसीचे नामदेव शिंपी, तेरचे गोरोबा कुंभार, गंगाखेडची जनाबाई जात्यावर दळणारी. हात चालता-चालता शब्द फुटतो, याचं याहून मोठं उदाहरण दाखवता येणार नाही. पण जनाबाई दळत होती ती दासी होती म्हणून. तिच्या अभंगांपुढे नतमस्तक होताना दळणाची सक्ती विसरायची, हा आपला जुना आवडता खेळ आहे.

जात्याचंच पुढं बघा. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटे तीनला उठणं संपलं. त्याबद्दल कोणत्याही बाईला विचारा, गिरणीला हात जोडेल. पण गिरणीबरोबर जात्यावरच्या ओव्याही बंद पडल्या, कारण त्या दळतानाच सुचायच्या आणि दळतानाच आठवायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. आज त्या मला फोनवर ऐकायला मिळतात, त्या संगणकात नोंदवल्या गेल्या म्हणून. गिरणीनं ओवी घालवली आणि संगणकानं राखली. मग यंत्र चांगलं की वाईट? प्रश्नच चुकीचा विचारला की उत्तर असं दोन्हीकडे पळतं.

बाबासाहेबांनी हा प्रश्न नीट विचारला होता. गांधीजींच्या यंत्रविरोधावर टीका करताना त्यांचं म्हणणं असं, की माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवून सवड देणारी गोष्ट म्हणजे यंत्र, आणि सवडीशिवाय संस्कृती उभी राहत नाही. दोष असलाच तर यंत्राचा फायदा मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत आहे, ती बदला. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षणाची कल्पना, मांडली गेली तेव्हाही मुलांच्या सूतकताईतून शाळेचा खर्च निघावा या अपेक्षेवर टीका झाली होती, आणि ती योग्यच होती. बाबासाहेबांनीच १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या या भागात ज्या मुलांचे बाप-आजे पिढ्यान्‌पिढ्या हातानंच राबले होते, त्यांच्यापुढे टकळी नव्हे, महाविद्यालय ठेवलं. तेव्हा "हातानं काम करण्यात मोठी प्रतिष्ठा आहे" असं पांढरपेशा घरातून शिकवलं जातं तेव्हा ज्यांनी ते काम सोडवायला तीन पिढ्या घालवल्या त्यांना राग येतो, तो रास्त आहे. मोबाइलच्या दुकानातले ते दादा याच रागातून बोलत असतील तर त्यांच्यापुढे मी गप्प बसेन. लातूरच्या शिकवणीत पोरगं ठेवायला एकरभर रान विकणारा बाप मुलाला कानटोपी विणायला शिकवा म्हणणार नाही. त्यानं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही.

मग मी अजून वाद का घालतेय? कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत घडलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

भाची महिनाभर माझ्याकडे होती. टोपी विणायची तिला हौस आली. (मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंश. आमच्या घराण्यातच काहीतरी बिघाड आहे.) दहा नंबरच्या सुया, ९६ टाके, बॉर्डर एक सुलट एक उलट, मग सरळ विण. हे तिला चार दिवसांत जमलं. खरी गंमत शेंड्यापाशी सुरू होते. टोपी वर निमुळती करायची तर टाके कमी करायचे, तेही सारख्या अंतरानं, नाहीतर एकीकडे फुगा येतो. ९६ चे आठ भाग केले की प्रत्येकात बारा. पहिल्या ओळीत १० सुलट, २ एकत्र (दोन टाके मिळून एकच विणायचा), असं आठ वेळा: उरले ८८. मधली ओळ साधी उलट. मग ९ सुलट, २ एकत्र: ८०. मग ८ सुलट. तिसऱ्या वेळेला ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे तर लूप आहे." लूप म्हणजे संगणकाला तीच कृती पुन्हा पुन्हा करायला सांगणं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिनं थोडं पायथॉन, कोड लिहायची एक भाषा, शिकलं होतं. सुया ठेवल्या आणि चार ओळी लिहिल्या: दहापासून शून्यापर्यंत एकेक कमी करत जा, दर वेळी 'इतके सुलट, दोन एकत्र' असं छाप, आणि किती टाके उरले तेही छाप. पडद्यावर दहा ओळी आल्या, टापटीप. तिनं त्या वहीत उतरवल्या आणि दोन दिवस त्याप्रमाणे विणलं.

शेवटी सुईवर १६ टाके उरले. ओळी संपल्या होत्या. तिनं त्यातून दोरा ओवला, ओढला, टोपी बंद झाली. पण शेंड्यावर गाठोडं आलं, वाटाण्याएवढं, बोटाला लागणारं. माझ्या टोपीला तसं नव्हतं. तिनं दोन्ही टोप्या उलट्या करून शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ ओळी मोजत बसली. माझ्या टोपीत कमी करण्याच्या ओळी अकरा होत्या, तिच्यात दहा. मग ती परत पडद्याकडे गेली. कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगणाऱ्या 'रेंज'मध्ये तिनं दहा आणि शून्य लिहिलं होतं. पायथॉन शेवटचा आकडा धरत नाही, एकावर येऊनच थांबतो. "पण शून्य सुलट म्हणजे काहीच नाही ना?" ती पुटपुटली. मग स्वतःच म्हणाली, "नाही, शून्य सुलट, पण दोन एकत्र आहेतच." ती अकरावी ओळ. सोळाचे आठ करणारी. तिनं शून्याच्या जागी उणे एक लिहिलं, टोपीचा दोरा कापला, शेंडा उसवला, सोळा टाके पुन्हा सुईवर घेतले. त्यातला एक सुटून तीन ओळी खाली गेला तेव्हा रडकुंडीला आली, पण क्रोशाच्या सुईनं उचलून वर आणला. मग ती ओळ विणली.

संगणकानं तिला चूक दाखवली नव्हती. त्याच्या दृष्टीनं तिचं लिखाण निर्दोष होतं. चूक बोटाला कळली. आणि बोटाला कळलेली चूक नेमकी कुठून आली हे तिला लूपमुळे सापडलं. नुसती विणत असती तर "जरा जाड झालं" म्हणून सोडून दिलं असतं, जसं मी पंधरा वर्षं अनेक ठिकाणी सोडत आले. कोणत्या तासिकेत बसवाल ही गोष्ट? कार्यानुभवात की कोडिंगमध्ये?

हे सक्तीच्या शिवण-टिपणापेक्षा वेगळं आहे, आणि फरक हौसेपुरता नाही. आईच्या वर्गात काज चुकलं की बाई ते उसवायला लावत, पण का चुकलं हे विचारायची सोय नव्हती. नमुना बदलायची तर नव्हतीच. कोडिंगच्या नावाखाली आज अनेक ठिकाणी जे चालतं तेही तसंच आहे. फळ्यावरच्या ओळी वहीत उतरवायच्या, परीक्षेत लिहायच्या, महिनोन्‌महिने यंत्राला हात नाही. ते काजच झालं, फक्त इंग्रजीतलं. मुलींना काज आणि मुलांना सुतारकाम, हे जसं मोडलं, तसं प्रत्येक मुलामुलीच्या हातात दोन्ही द्यायला काय हरकत आहे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंगही आहे आणि सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोयही आहे. एकाच कागदावर दोन्ही असताना शाळा त्यांची आपसात कुस्ती का लावतात, मला समजत नाही.

दुकानदार दादांच्या बाजूचा आणखी एक मुद्दा सभेत निघाला नाही, पण निघायला हवा होता. आता कोडही यंत्रच लिहितं, मग कोडिंग तरी का शिकायचं? आणि स्वेटर तर तीनशे रुपयांत मिळतो. दोन्ही खरं. मी स्वतः एका चॅटबॉटला लहान मुलाच्या मोज्यांचा नमुना मागितला होता. भाषा अशी गोड, की पन्नास वर्षं विणणारी बाईच बोलतेय असं वाटावं. टाचेपाशी टाके जुळेनात. ३६ मधून १२ बाजूला ठेवा म्हणालं आणि पुढच्या ओळीत उरलेले २८ विणा म्हणालं. चूक दाखवली तर तत्काळ माफी मागून दुसरी चूक केली. हे यंत्र पुढं सुधारेल, टाके बरोबर मोजेल, याची मला खात्री आहे. प्रश्न मधल्या काळात आणि नंतरही तोच राहतो: ३६ वजा १२ किती हे ज्याच्या बोटांत नाही, त्याला यंत्र चुकलं हे कळणार कसं? मोज्याचं जाऊ द्या. उद्या हेच यंत्र पीकविम्याचा दावा तपासेल, कर्जाचा हप्ता ठरवेल. तेव्हा "थांबा, टाके जुळत नाहीत" म्हणणारा कोणी परभणीत असावा की नको?

आणि दोष नेहमी यंत्राचाच असतो असंही नाही. एकदा अमेरिकी नमुन्यावरून मी नवऱ्याचा स्वेटर घातला. त्यात आठ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या, मी माझ्या आठ नंबरच्या घेतल्या. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मापं चालतात, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं. त्यांचा आठ म्हणजे पाच मिलिमीटर, आपला आठ म्हणजे चार. ३८ इंची व्हायचा तो स्वेटर ३१ वर अडकला आणि पुतण्याला गेला. आधी चार इंचांचा नमुना विणून मोजपट्टी लावली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. मी लावली नाही, कारण नमुना फोनवर होता, छान रंगीत होता, आणि छापलेल्यावर आपला विश्वास बसतो. स्वस्त स्वेटरबद्दल तर एवढंच सांगते: विणकाम यंत्रानं होतं, पण बाजारात विकायच्या क्रोशाला अजून यंत्र नाही. दुकानात दोनशे रुपयांत लटकलेला क्रोशाचा टॉप कोणीतरी हातानंच केलेला असतो. एक तास क्रोशे हातात धरलेल्या मुलीला त्या किमतीचा अर्थ कळतो. इतरांना तो फक्त 'सेल' दिसतो.

राहिली वाचनालयाची तासिका. इथं गुरुजींचं ऐकून मी थोडी चिडले, कारण त्यांच्या मते पडद्यावर वाचणं हे वाचणंच नव्हे. एकोणिसाव्या शतकात मराठी पुस्तकं छापली जायला लागली तेव्हा सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवत नसत, शाईत चरबी असते म्हणून. मुंबईत छापखाना चालवणाऱ्या गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरलं अशी नोंद आहे. त्यांनीच १८३१ मध्ये पंचांग छापलं. छापलेलं खरं नव्हे, हाताचं खरं, म्हणणाऱ्यांचे पणतू आज छापलेलंच खरं म्हणतात. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश विकत घेऊन घरी ठेवणं माझ्या ऐपतीत आणि कपाटात बसलं नसतं; आज एखादा जुना शब्द अडला की बस गंगाखेडला पोचेपर्यंत तो फोनवर सापडतो. विणताना हात अडकलेले असतात, तेव्हा पुस्तक कानानं वाचते. हे सगळं पडद्यानंच दिलं.

पण गुरुजींची भीती पोकळ नाही, हेही कबूल करते. ई-रीडरवर मी दोन तास वाचते, फोनवर दहा मिनिटं. पुस्तक तेच, अक्षरं तीच. फरक इतकाच, की ई-रीडरमधून कोणी मला हाक मारत नाही. मुलाच्या हातात जो पडदा आहे तो हाका मारण्यासाठीच घडवलेला आहे, त्यावर कोणाचा तरी धंदा चालतो, आणि बारा वर्षांच्या मुलानं त्याला मनोनिग्रहानं तोंड द्यावं ही अपेक्षा क्रूर आहे. म्हणूनच वाचनालयाची तासिका काढायची नाही. पस्तीस मिनिटं कोणी हाक न मारणारी जागा त्या मुलांना आठवड्यात दुसरीकडे कुठं मिळते? पण त्याच तासिकेत कपाटाला कुलूप आणि "गोंगाट करू नका" एवढाच कार्यक्रम असेल, तर ती गेली काय आणि राहिली काय.

सभेत शेवटी हात वर करून मत घेतलं. माझे दोन्ही हात सुयांत होते, चालू ओळीच्या मध्यावर, आणि तिथं सोडली असती तर जाळीचा नमुना बिघडला असता. मोजणी झाली तेव्हा मी कुठल्याच बाजूला धरले गेले नाही. ठराव पुढच्या सभेपर्यंत लांबला. बाहेर पडताना मुख्याध्यापिका बाईंनी थांबवलं. त्या अर्धवट चेष्टेनं म्हणाल्या, "तुम्ही येता का शनिवारी, दोन्ही शिकवायला?" मी हो म्हणाले. दहा नंबरच्या सुयांचे वीस जोड मी आणते, लोकर जुने स्वेटर उसवून मुलांनीच आणावी, आणि संगणकाची खोली उघडी हवी. खोलीची किल्ली एका शिक्षकांकडे असते, ते निवडणुकीच्या कामावर आहेत. गेल्या शनिवारी आम्ही व्हरांड्यात बसलो. सतरा मुलं, त्यांतली नऊ मुलगे. लूप फळ्यावर लिहिलं, दहापासून सुरू करून. शेवटचा आकडा कोणता लिहायचा यावर भाची गप्प राहिली, मुद्दाम.